टेक्सासचं व्हीडीआर ट्रेनिंग: दोनदा केलं, दोन काऊंटीत केलं, आता जे आहे ते सांगते

मंडळातल्या तिघीचौघींनी वेगवेगळं विचारलं की ते मतदार नोंदणीचं ट्रेनिंग कसं असतं, किती वेळ जातो, परीक्षा असते का, करावं की नको, म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू, प्रत्येकीला व्हॉइस नोट पाठवून माझा घसा बसलाय.

ज्यांना माहीतच नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. टेक्सासमध्ये मतदार म्हणून नाव घालायला ऑनलाइन सोय नाही. हो, २०२४ मध्ये पण नव्हती, आजही नाही. ड्रायव्हिंग लायसन्स ऑनलाइन रिन्यू करताना नाव घालता येतं तेवढा एक अपवाद, बाकी सगळ्यांनी कागदाचा फॉर्म भरायचा, खाली पेनाने सही करायची आणि तो काऊंटीला (काऊंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) पोचवायचा. ज्या राज्यात डेल आहे, निम्म्या गल्लीत सॉफ्टवेअरवाले राहतात, तिथे ही तऱ्हा. असो. तर हा फॉर्म तुम्ही स्वतःचा स्वतः भरून पोस्टात टाकू शकता, पण दुसऱ्यांचे भरलेले फॉर्म गोळा करून नेऊन द्यायचे असतील तर त्यासाठी तुम्हाला काऊंटीने नेमलेलं असावं लागतं, त्याला म्हणायचं व्हॉलंटिअर डेप्युटी रजिस्ट्रार, सगळे व्हीडीआरच म्हणतात. बऱ्याच राज्यांत असलं काही लागत नाही, टेबल मांडा आणि सुरू व्हा. नॉर्थ डाकोटात तर मतदार नोंदणी नावाची भानगडच नाही. इथे मात्र ट्रेनिंग, मग नेमणूक, मग कार्ड, मग काम. ट्रेनिंगची सक्ती २०११ च्या कायद्याने आली.

पात्रता सोपी आहे: १८ पूर्ण, अमेरिकन नागरिक, टेक्सासचे रहिवासी, गंभीर गुन्ह्याची शिक्षा चालू नको, आणि ओळख चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले नकोत. पैसे लागत नाहीत आणि मिळतही नाहीत. उलट किती फॉर्म आणले त्या हिशोबाने कुणी पैसे दिले किंवा घेतले तर तो इथे गुन्हा आहे, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्या दहा मिनिटांतच सांगतात आणि मला ते फार आवडलं.

पहिलं ट्रेनिंग मी केलं २०२४ च्या जुलैत, डॅलस-फोर्ट वर्थ भागातल्या एका काऊंटीत. नाव घेत नाही कारण पुढे थोडं रडगाणं आहे. संध्याकाळी साडेसहाची वेळ, मी ऑफिसातून थेट गेले, पार्किंगमध्ये पाटी एका दाराची आणि उघडं दुसरंच दार, त्यामुळे बिल्डिंगला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून ४१ डिग्रीत घामाघूम होऊन आत पोचले तर आत एसी असा की दात वाजतायत. खोलीत चौदा माणसं. तीन कॉलेजची पोरं, एक चर्चमधलं जोडपं, दोन रिटायर्ड शिक्षिका, आणि देशी म्हणाल तर मी आणि एक तेलुगू काका, ते माझ्या शेजारीच येऊन बसले, आपल्याकडे एसटीत बसतात तसे, ओळख नसताना.

शिकवणाऱ्या बाई काऊंटीच्याच कर्मचारी. चांगल्या होत्या, चिडत नव्हत्या, पण स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचत होत्या. शब्दन् शब्द. दीड तासातला पहिला अर्धा तास मला शाळेतला नागरिकशास्त्राचा तास आठवत होता, बाई धडा वाचतायत आणि मागच्या बाकावर कोणीतरी पेन टिकटिक करतंय. स्लाइडवरचे अक्षर इतके बारीक की पुढच्या रांगेतल्या शिक्षिकेने मोबाइलवर फोटो काढून झूम करून वाचले.

पण मजकूर? मजकूर पक्का आहे. आणि तो ऐकताना मला हळूहळू कळलं की हे ट्रेनिंग काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही याचं आहे.

म्हणजे बघा. फॉर्म पूर्ण भरलाय का, हे त्या माणसाच्या समोरच तपासायचं. नाव, राहण्याचा पत्ता, जन्मतारीख, लायसन्स नंबर किंवा सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे, दोन्ही नसतील तर तसं सांगणारी खूण, नागरिक आहे की नाही तो चौकोन, वयाचा चौकोन, सही. काही राहिलं असेल तर त्यालाच परत देऊन भरून घ्यायचं. आपण स्वतः घरी आल्यावर "हा पिनकोड राहिला वाटतं" म्हणून लिहायचं नाही. तो माणूस खरंच पात्र आहे का हे ठरवायचं नाही, तो अधिकार रजिस्ट्रारचा, म्हणजे काऊंटीच्या मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा. लायसन्स नंबर आणि सोशलचे आकडे कुठेही उतरवून ठेवायचे नाहीत. पावती द्यायची, दोन प्रती, एक त्याला आणि एक फॉर्मबरोबर काऊंटीला. कुणी विचारलं तर नेमणुकीचं कार्ड दाखवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फॉर्म हातात आल्यापासून पाचव्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत तो काऊंटीच्या ऑफिसात पोचला पाहिजे, स्वतः नेऊन नाहीतर दुसऱ्या व्हीडीआरच्या हातून. उशीर झाला तर तो छोटा गुन्हा, मुद्दाम दाबून ठेवला तर मोठा. हे ऐकल्यावर कॉलेजच्या एका पोराने वहीतून मान वर केली ती पुढे खालीच गेली नाही.

का एवढं कडक, असं तेलुगू काकांनी विचारलं. बाईंनी सरळ उत्तर दिलं की लोक फॉर्म भरतात, निश्चिंत होतात, मतदानाच्या दिवशी जातात आणि यादीत नाव नाही, कारण ज्याने फॉर्म घेतला त्याच्या गाडीच्या डिकीत तो पडून राहिला. स्लाइड सोडून त्या बोलल्या तेवढंच हे एक वाक्य आणि तेच माझ्या लक्षात राहिलं.

मध्ये दहा मिनिटं सुट्टी झाली, मशीनची कॉफी (पांचट). तेव्हा त्या दोन शिक्षिकांमधली एक, काळ्या आजी, सत्तरीच्या पुढच्या, त्या गप्पा मारायला लागल्या. त्यांच्या आईने पोल टॅक्स भरून मतदान केलेलं. टेक्सासमध्ये मत द्यायचं तर दर वर्षी ३१ जानेवारीच्या आत दीड डॉलर भरायचा, त्यावर काऊंटीचे २५ सेंट, म्हणजे पावणेदोन डॉलर, आणि ती पावती हाच तुमचा मतदानाचा परवाना. १९०२ पासून ते चाललं. १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या निवडणुकीपुरतं गेलं आणि १९६६ मध्ये कोर्टाने राज्याच्या निवडणुकांसाठीही घालवलं. तरी त्यानंतर दर वर्षी नव्याने नाव नोंदवायची सक्ती होतीच, ती १९७१ मध्ये कोर्टाने काढली. आजी म्हणाल्या, आईने ती पावती बायबलमध्ये ठेवली होती. मी हे सांगते कारण अधिकृत दीड तासात यातलं एक अक्षर नव्हतं. एक स्लाइड टाकली असती तरी समोरच्या पोरांना कळलं असतं की ही पावतीबिवतीची कटकट कुठून आली आणि या राज्यात माणसं फॉर्म या शब्दाला का टरकून असतात.

आता माझी खरी तक्रार. नागरिकत्वाच्या चौकोनावर एक स्लाइड, अर्धा मिनिट. "तुम्ही पात्रता ठरवू शकत नाही, पुढे." कायद्याने बरोबर आहे, मान्य. पण आपल्या लोकांत टेबल मांडणाऱ्यासाठी तीच सगळ्यात धोक्याची जागा आहे हो. आपल्या कुठल्याही कार्यक्रमात बघा, एका टेबलाभोवती एक सिटिझन, दोन ग्रीन कार्ड, तीन एच-वन म्हणजे नोकरीच्या व्हिसावरचे, आणि कुणाचे तरी आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर. सगळे उत्साही. सगळ्यांना फुकटचा फॉर्म दिसला की भरायची घाई. आणि १९९६ च्या कायद्यानंतर नागरिक नसताना नागरिक आहे असा दावा केला तर ग्रीन कार्डवाल्याचंसुद्धा इथलं राहणं धोक्यात येतं, पुढे सिटिझनशिप तर विसराच, आणि "मला माहीत नव्हतं" हे सांगत वकिलाकडे खेटे घालावे लागतात. खोटी सही केली म्हणून राज्याचा गुन्हा तो वेगळाच. मी ब्रेकनंतर हात वर करून विचारलं की मग मी काय करायचं, गप्प बसायचं का. तेव्हा बाईंनी नीट सांगितलं: तू कुणाला "तू भरू नकोस" असं म्हणू शकत नाहीस, पण फॉर्मवर कोण पात्र ते छापलंय, ते सगळ्यांना सारखं वाचून दाखवू शकतेस. सगळ्यांना सारखं, यावर जोर. चेहरा बघून नाही. हे त्यांच्या स्वतःहून सांगायच्या यादीत हवं होतं, मी विचारल्यावर नाही.

शेवटी अर्जावर सही, कार्ड, फॉर्मचा गठ्ठा. गठ्ठा म्हणजे पंचवीस. मी म्हटलं मला गणपतीला टेबल लावायचंय, जास्त द्या ना. तर म्हणे आधी हे संपवा मग या. रेशनवर साखर मिळायची त्याची आठवण झाली.

मग दुसरी गंमत. कार्ड एका काऊंटीपुरतंच चालतं. टेक्सासमध्ये काऊंट्या २५४, आणि आपल्या लोकांची वस्ती नेमकी शिवेवर. फ्रिस्कोच घ्या, एकच गाव, पण अर्धं कॉलिन काऊंटीत आणि अर्धं डेंटनमध्ये, रस्ता ओलांडला की रजिस्ट्रार बदलला. मंडळाच्या कार्यक्रमाला तर चार काऊंट्यांतून माणसं येतात. म्हणून ऑगस्टमध्ये शेजारच्या काऊंटीचंही केलं. तिथे वेगळी पद्धत, वर्गात बसायचं नाही, राज्याचं मटेरियल वाचायचं आणि परीक्षा द्यायची. कायद्यात दोन्ही चालतं, कुठली पद्धत घ्यायची ते काऊंटी ठरवते. मला विचाराल तर परीक्षावालं जास्त आवडलं. रात्री पोरं झोपल्यावर वाचलं, आणि परीक्षा म्हटल्यावर आपला मराठी मेंदू आपोआप जागा होतो, मी चक्क हायलायटर काढला. वर्गात जे कानावरून गेलं ते इथे डोक्यात बसलं. पण आजी भेटल्या नाहीत आणि प्रश्न विचारायला समोर कुणी नव्हतं, ते नुकसान आहेच. नवीन माणसाने पहिल्यांदा वर्गातलं करावं आणि दुसऱ्या काऊंटीसाठी परीक्षा द्यावी असं माझं मत.

आता गणपती. २०२४ ला चतुर्थी शनिवारी आली, ७ सप्टेंबर, आणि नोंदणीची शेवटची तारीख ७ ऑक्टोबर, बरोबर एक महिना. (इथे निवडणुकीच्या ३० दिवस आधी नोंदणी बंद होते. निवडणूक ५ नोव्हेंबरला, तीस दिवस मागे मोजले की रविवार येतो म्हणून सोमवार धरला.) आणि योगायोग बघा, देशभर राष्ट्रीय मतदार नोंदणी दिवस म्हणून साजरा करतात तो त्या वर्षी १७ सप्टेंबरला आला, म्हणजे अनंत चतुर्दशीलाच. बाप्पानेच सही केली म्हणायची.

मंडळाने वडापावच्या स्टॉलशेजारी टेबल दिलं. जागा उत्तम, वास अप्रतिम, फॉर्मवर तेलाचे डाग. दोन फॉर्म त्या चटणीपायी नवीन भरून घ्यावे लागले.

आणि जे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगत नाही ते सगळं इथे शिकले. पहिला धडा जन्मतारखेचा. आपण दिवस आधी लिहितो, अमेरिका महिना आधी लिहिते. वीस वर्षं इथे राहिलेला माणूससुद्धा ढोलताशाच्या आवाजात घाईघाईत १४/०८ लिहून मोकळा होतो. चौदावा महिना दिसला तर चूक लगेच कळते, पण ०५/०८ लिहिलं की बसा ओळखत. मी प्रत्येकाला तारीख तोंडी विचारायला लागले, "मे की ऑगस्ट?" असं.

दुसरा धडा नावांचा. आपल्यात मधलं नाव म्हणजे वडलांचं किंवा नवऱ्याचं, लायसन्सवर कुणाचं मधलं नाव आहे, कुणाचं नाही, कुणाचं अर्धं कापलेलं. लग्नात नाव बदललेल्या एक काकू, पासपोर्टवर सासरचं, सिटिझनशिपच्या सर्टिफिकेटवर माहेरचं ठेवलेलं आणि लायसन्सवर दोन्हीची भेळ. फॉर्मवर आधीच्या नावासाठी जागा असते ती अशांसाठीच, पण वर्गात कोणी त्या रकान्याकडे बोट दाखवलं नव्हतं. काकू म्हणाल्या, "चार नावं आहेत गं माझी, कुठलं मतदान करणार?"

तिसरा धडा, ज्याची भीती होती तोच. एक आजी आल्या, नऊवारीत, नुकत्या पुण्याहून आलेल्या, मुलाकडे. म्हणाल्या, मलाही दे की एक फॉर्म, मी कधीच मत चुकवलं नाही. मी फॉर्मवरच्या ओळी मराठीत वाचून दाखवल्या, जशा सगळ्यांना दाखवत होते, की अमेरिकेचं नागरिक असावं लागतं, या काऊंटीत राहणारं असावं लागतं. आजींनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, मग माझं आपलं कोथरूडच बरं. त्यांचा मुलगा मागे उभा होता, ग्रीन कार्डवाला, त्याने पण हळूच हातातला फॉर्म परत ठेवला. मी दोघांनाही "नको" म्हटलं नाही. वाचून दाखवलं फक्त. दुपारी तर मी एका पुठ्ठ्यावर ती सगळी अट मराठीत मोठ्या अक्षरात लिहून टेबलाला चिकटवली, लोक वडापाव खाता खाता वाचत होते. हा पुठ्ठा माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात कामाचं सामान.

चौथी गोष्ट सुखद. फॉर्म भरायला १७ वर्षं १० महिने चालतात, मतदानाच्या दिवशी १८ पूर्ण पाहिजेत. बारावीतली पोरं! हे बहुतेक आईबाबांना माहीतच नव्हतं. खरं तर इथल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी वर्षातून निदान दोनदा अशा मुलांना फॉर्म द्यायचे असा कायदा आहे, पण माझ्याकडे आलेल्या सहा पोरांपैकी एकालाही तो मिळाल्याचं आठवत नव्हतं. पोरं म्हणजे गणपतीला कंटाळून फोनमध्ये डोकं खुपसून बसलेली, त्यांना वाटलं काहीतरी करायला मिळालं. एकीने सही करताना विचारलं, कर्सिव्ह येत नाही, छापील अक्षरात चालेल का.

आणि जे शेजारच्या तिसऱ्या-चौथ्या काऊंटीचे होते, जिथली माझी नेमणूक नव्हती, त्यांचे भरलेले फॉर्म मी घेऊ शकत नाही. त्यांच्यासाठी राज्याचे कोरे फॉर्म ठेवले होते, त्यावर तिकीट लावायला लागत नाही, त्यांनी स्वतः पोस्टात टाकायचे. ही युक्ती ट्रेनिंगमधली, त्याचे मार्क त्यांना.

दिवसाअखेर दोन्ही काऊंट्यांचे मिळून ३८ फॉर्म. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं थकलीस का, मी म्हटलं थकायला वेळ नाही, घड्याळ सुरू झालंय. शनिवारी घेतले म्हणजे गुरुवारी ५ च्या आत. एका काऊंटीचे सोमवारी लंचमध्ये देऊन आले. दुसरीचे राहिले, मंगळवारी मीटिंग, बुधवारी धाकट्याला ताप. गुरुवारी चारला निघाले, ट्रेनिंगमध्ये दिलेल्या कागदावर जो शाखेचा पत्ता होता तिथे पोचले ४:२० ला, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो इथे आम्ही गाडीचे कागद घेतो, मतदारांचे फॉर्म घेत नाही, मुख्य ऑफिसला जा. काही काऊंट्यांत मतदार यादीचं काम टॅक्स ऑफिसकडे असतं, तिथेच गाडीचं रजिस्ट्रेशन पण, त्यामुळे हा घोळ. मी त्याला कागद दाखवला, तो म्हणाला हा जुना आहे. जुना! जुलैत हातात दिलेला! मग हायवे, सगळे सिग्नल लाल, मनात अथर्वशीर्ष, आणि ४:५१ ला मुख्य ऑफिसच्या काउंटरवर गठ्ठा ठेवला. तिथल्या बाईंनी शांतपणे मोजले, पावत्यांच्या प्रती जुळवल्या, शिक्का मारला आणि हसून म्हणाल्या, अजून नऊ मिनिटं होती. यासाठी खालच्या रेटिंगमध्ये एक स्टार कापलेलाच आहे, जोडत नाही.

(त्यांच्या बाजूने एक सांगते. फॉर्म व्हीडीआरच्या हातात पडला तीच काऊंटीला अर्ज दिल्याची तारीख धरतात, आमच्या धावपळीचा फटका मतदाराला बसू नये म्हणून. पण म्हणून आपण लोळत पडायचं नाही.)

हे सगळं आईला फोनवर सांगितलं. माझी आई साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि वर्षानुवर्षं बीएलओचं, म्हणजे घरोघर जाऊन मतदार यादी नीट ठेवणाऱ्या बूथ पातळीवरच्या अधिकाऱ्याचं, काम केलं तिने. भर उन्हात छत्री घेऊन वस्तीवर जायची, घरोघर, कोण मेलं, कुणाचं लग्न होऊन कोण गेलं, कोण अठराचा झाला, नमुना ६, नमुना ७, नमुना ८ यांची पिशवी खांद्याला. शाळा सुटल्यावर, सुट्टीत, कधी कधी शिव्या खात. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे सरकार दारात येत नाही? लोकांनीच टेबल शोधत यायचं?" मी म्हटलं हो. म्हणाली, "मग ज्याला टेबल सापडलं नाही त्याचं काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिकडे बीएलओची नेमणूक सरकारी हुकमाने होते आणि शिक्षक वैतागतात, ते मी जवळून पाहिलंय, आईच्या त्या कामावरून घरात भांडणंही पाहिली आहेत, उगाच गोडवे गात नाही. पण यादीत माणूस आणायची जबाबदारी कुणाची, हा फरक मला त्या फोननंतर कळला, कुठल्या स्लाइडवर नाही.

अजून एक, स्वतःपुरतं. मी स्वतः सिटिझन होईपर्यंत एवढी वर्षं कुठेच मत दिलं नव्हतं. भारताचा पासपोर्ट होता तेव्हा परदेशात राहणाऱ्यांसाठीचा ६-अ फॉर्म भरून नाव घालता येतं हे माहीत होतं, पण मत द्यायला प्रत्यक्ष गावच्या केंद्रावर जायला लागतं, विमानाचं तिकीट काढून कोण जातंय. आणि पासपोर्ट बदलल्यावर तो हक्क संपलाच, ओसीआयवर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, मतदान नाही. माझ्या शपथविधीच्या दिवशी हॉलबाहेर एक बाई टेबल लावून बसली होती, हातात छोटा झेंडा घेऊन बाहेर पडते तर तिने फॉर्म पुढे केला, चार मिनिटांत भरून घेतला, तपासला, पावती दिली, आणि पुढच्या माणसाकडे वळली. तेव्हा मला वाटलं होतं सरकारी नोकर असेल. व्हीडीआर होती हे मला या ट्रेनिंगमध्ये ती पावती बघितल्यावर कळलं.

तर रेटिंग. वर्गातल्या ट्रेनिंगला ५ पैकी ३, मजकूर ४ चा पण शिकवणं २ चं. परीक्षावाल्याला साडेतीन. वेळ एका संध्याकाळपेक्षा जास्त जात नाही. इंग्रजी फार लागत नाही, फॉर्म स्पॅनिशमध्येही असतो, आणि ह्यूस्टनकडच्या हॅरिस काऊंटीत तर व्हिएतनामी आणि चिनी भाषेतही निवडणुकीचं साहित्य द्यावं लागतं, मराठीचा नंबर लागेल तेव्हा लागेल तोपर्यंत पुठ्ठा आहे. कुणी करू नये? ज्यांना टेबलावर बसल्यावर आपला उमेदवार कोण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही त्यांनी. माझ्याकडे एक काका मदतीला बसले होते, त्यांना अर्ध्या तासात बटाटे सोलायला पाठवलं.

आणि हो, नेमणूक कायमची नसते. सम वर्षाच्या ३१ डिसेंबरला सगळ्यांची एकदम संपते, तुम्ही जानेवारीत केलं असो की ऑक्टोबरात. माझी दोन्ही कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला बाद झाली, त्यामुळे परत केलं. परत केलं तेव्हा स्लाइड त्याच, अक्षर तेवढंच बारीक, पण शाखांच्या पत्त्यांचा कागद नवीन होता, मी तिथल्या तिथे फोन लावून खात्री करून घेतली. करणार असाल तर उन्हाळ्यातच करून टाका, सप्टेंबरात वर्ग भरलेले असतात आणि जागा मिळाली तरी फॉर्म मिळत नाहीत.

पेनं मात्र स्वतःची न्या, काळ्या शाईची, भरपूर. मी त्या शनिवारी अकरा नेली होती, परत तीन आली, त्यातलं एक माझं नव्हतं.